कॅन्सरनंतरचं रिहॅब सेंटर, सांगली: हातासाठी डोळे झाकून जा, पॅकेज घेऊ नका

चार स्टार दिलेत. पाचवा का कापला ते खाली येतंय. लिहिणं जरा लांबलंय, पण सांगली-मिरजेत ऑपरेशन करणारी हॉस्पिटलं ढीगभर आहेत आणि ऑपरेशननंतर त्या हाताचं, खांद्याचं, झोपेचं काय करायचं ते नीट सांगणारं कोण भेटत नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहिते. ज्यांना गरज नाही त्यांनी पुढं जावा, आणि तुम्हाला गरज न पडो.

माझं थोडक्यात सांगायचं तर उजव्या बाजूचं ब्रेस्ट, आधी केमो, मग ऑपरेशन, पूर्ण काढलं आणि काखेतल्या गाठीपण काढल्या, नंतर रेडिएशन, आता रोज एक लेट्रोझोलची गोळी, हार्मोन कमी करणारी. मी पलूस तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, वरच्या वर्गांना विज्ञान शिकवते. ऑपरेशन मिरजेत झालं, छान झालं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण डिस्चार्जच्या कागदावर शेवटी 'आर्म एक्सरसाइज' एवढंच लिहिलेलं आणि बास. कुठला, कधीपासून, दुखलं तर थांबायचं का रेटायचं, काही नाही. घरी तर सगळ्यांनी मिळून माझा हात देव्हाऱ्यात ठेवायचा तेवढा बाकी ठेवला. सासूबाई पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देईनात, राहू दे गं, टाके तुटतील. ड्रेनची नळी निघाली तरी तेच चालू. मग रेडिएशनच्या प्लॅनिंगला गेले तर तिथं हात डोक्याच्या वर नेऊन हलायचं नाही असं झोपावं लागतं, आणि माझा हात कानापर्यंतपण जाईना. तिथल्या मुलानं सरळ सांगितलं, मॅडम हात वर गेल्याशिवाय प्लॅनिंगचा सीटी होणार नाही, आधी फिजिओ करून या. म्हणजे नुसत्या आखडलेल्या खांद्यापायी पुढची ट्रीटमेंट अडकते, हे आधी कुणी बोललंच नव्हतं. तिथनं मी इथं आले.

पहिल्या दिवशी फिजिओ मॅडमनी व्यायाम दिलाच नाही, नुसतं मोजलं. खांद्याचा कोन मोजायला आमच्या कंपासपेटीतल्या कोनमापकाचा मोठा भाऊ असतो तसलं साधन, हात पुढून किती वर जातोय, बाजूनं किती, मागं पाठीवर कुठपर्यंत पोचतोय, सगळं लिहून घेतलं. मग पेनानं दोन्ही हातांवर मनगटापासून वर ठरलेल्या अंतरावर बारीक रेघा मारल्या आणि प्रत्येक रेघेवर टेप लावून घेर मोजला, दोन्ही हातांचा. मी म्हटलं डावा कशाला, त्याला काय झालंय, तर म्हणाल्या ज्या हातानं आपण काम करतो तो मुळातच थोडा जाड असतो, मग उद्या सूज आली का नाही ते कशावरनं ठरवायचं. खरं तर हे माप ऑपरेशनच्या आधीच घेऊन ठेवायला पाहिजे म्हणे. हे वाचणाऱ्या कुणाचं ऑपरेशन अजून व्हायचं असेल तर एवढं एक करा, दोन्ही हातांचं माप घेऊन फाईलला लावून ठेवा, घरच्या टेपनं घेतलं तरी चालतंय, फक्त कुठनं किती अंतरावर घेतलं ते लिहून ठेवा.

आणि ती तार. हात वर करायला लागलं की काखेतनं खाली कोपराकडं कातडीखाली एक तार ताणल्यासारखी दिसायची, बोटानं चाचपली तर स्पष्ट लागायची, आणि हात तिथंच अडायचा. घरात सगळ्यांचं मत की शीर आखडली, जाऊबाई तर वाळव्याकडच्या एका चोळणाऱ्या बाईकडं न्यायला गाडीसुद्धा ठरवून बसल्या होत्या. मॅडम बघताक्षणी म्हणाल्या याला कॉर्डिंग म्हणतात, काखेतल्या गाठी काढल्यावर बऱ्याच जणींना येतं, घाबरायचं नाही, ताण देत देत बहुतेक वेळा जातं, पण तेल लावून रगडायचं अजिबात नाही. माझं गेलं. जाऊबाई अजून म्हणतात त्या बाईकडं एका दिवसात गेलं असतं.

मग विचारलं, तुम्हाला काय करता येत नाही त्यानं सगळ्यात जास्त अडतंय? मी म्हटलं फळा. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात वार आणि तारीख लिहायची असते, तिथं हात पोचत नाही. झालं, तेच टार्गेट. प्रत्येक वेळी आले की भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची, जिथं थांबेल तिथं पेन्सिलीची खूण. घरीपण तेच, स्वयंपाकघराच्या दाराशेजारी माझ्या खुणा अजून आहेत, दिवाळीला रंग दिला तेव्हा यांनी तेवढी पट्टी सोडायला लावली. काठीचा व्यायाम, दोन्ही हातांत लाटणं धरून डोक्यावर न्यायचं, मागं नॅपकीन धरून पाठ पुसल्यासारखं करायचं, असली साधीच कामं. पण किती ताणायचं ते या लोकांनी नीट शिकवलं. ओढ जाणवली पाहिजे, कळ आली की थांबा, आणि दुसऱ्या दिवशी ठणका राहिला तर आदल्या दिवशी जास्त झालं. रेडिएशन चालू असतानाही बंद करू दिलं नाही. आणि रेडिएशन झाल्यावर बायका सोडून देतात, त्यावर मॅडम फार चिडतात, कारण शेकलेल्या भागाचा कडकपणा नंतर महिन्यांनी, कधी वर्षांनीसुद्धा वाढतो, तेव्हा थोडा ताण कायमचाच. हात वर गेला, रेडिएशन पार पडलं, तारीखपण लिहायला लागले. इथपर्यंतचे पाच स्टार.

आता सूज. हे जरा नीट वाचा. सगळं संपून कामावर रुजू झाल्यावर बऱ्याच महिन्यांनी एके दिवशी लक्षात आलं की उजव्या हातातल्या बांगड्या मनगटावर रुततायत आणि ब्लाउजची उजवी बाहीच तेवढी घट्ट होतीय. दुखत काहीच नव्हतं, नुसता हात भरल्यासारखा, जड. मी गेले, टेप लावला, जुनं माप फाईलला होतंच, दोन ठिकाणी फरक दिसला. लिम्फेडेमा. काखेतल्या गाठी काढल्या की हातातलं लसिकेचं पाणी परत जायची वाट कमी होते, रेडिएशननं आणखी कमी होते, मग ते साठायला लागतं. सगळ्यांना होत नाही, ज्यांच्या एक-दोनच गाठी तपासायला काढतात त्यांना धोका कमी असतो, पण होतं तेव्हा वर्षा-दोन वर्षांनीपण होतं, आणि लवकर धरलं तर आटोक्यात राहतं.

या सेंटरचं खरं काम बघायचं तर इथं बघा. आधी ते हलकं मसाज. एवढ्या हलक्या हातानं की मला पहिल्यांदा वाटलं ही मसाज करणारी पोरगी पैसे कशाचे घेतीय, कातडी नुसती सरकवल्यासारखी करते. सुरुवात हातापासून नाहीच, आधी मान, मग डावी काख, मग छाती, आणि सगळ्यात शेवटी सुजलेला हात. विचारलं तर म्हणाली काकू पुढचा रस्ता मोकळा करायच्या आधी मागनं पाणी ढकलून काय उपयोग. पटलं. मग बॅण्डेज. आधी मऊ सुती नळीसारखं कापड, त्यावर फोम, बोटं एकेक करून वेगळी गुंडाळलेली, मग कमी ताणाच्या पट्ट्यांचे थर, पंजाकडं घट्ट आणि वर खांद्याकडं जाईल तसं सैल. आपली साधी क्रेप बॅण्डेज इथं चालत नाही. तो हात घेऊन मी शाळेत गेले तर पोरांनी विचारलं बाई फ्रॅक्चर झालं का, म्हटलं हो. तेवढे आठवडे त्रासाचेच, आंघोळीला प्लॅस्टिकची पिशवी, स्वयंपाक यांच्याकडं, पण सूज उतरली ते टेपवर दिसलं.

सूज उतरली की मग स्लीव्ह, म्हणजे हातावर दाब देणारी घट्ट बाही, आधी नाही. आता स्लीव्हबद्दल. बाजारातल्या एका सर्जिकल दुकानात मी आधी विचारलं होतं तर त्या माणसानं माझ्याकडं नुसतं बघून लार्ज पुढं केली, टेप नाही काही नाही. ती घातली की कोपराच्या आतल्या बाजूला वळी पडायची आणि तिथंच रुतायची, वर बोटं गार. इथं सात-आठ ठिकाणी माप घेऊन मागवली, यायला बराच वेळ लागला आणि दुकानातल्यापेक्षा दुप्पट पैसे गेले, पण बसली. कितीचा दाब पाहिजे ते पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये लिहिलेलं असतं, माझी वीस ते तीसवाली आहे, तुमची कितीची ते मोजणाऱ्यांनी ठरवायचं, मैत्रिणीची बघून घ्यायची नाही. दिवसा घालायची, झोपताना काढायची. रोज धुवायची कारण धुतल्यावर तिचा ताण परत येतो. सहा महिन्यांत ढिली पडते, मग नवीन, हा खर्च दरवर्षीचा धरूनच चला. घालायची युक्ती इथंच कळली, भांडी घासायचे रबरी हातमोजे दोन्ही हातांत घालून वर सरकवायची, झटक्यात चढते, नाहीतर सकाळी दहा मिनिटं झटापट. एप्रिलमधल्या सांगलीत ती घालून दोन वाजता एसटी स्टँडवर उभं राहणं म्हणजे काय ते मात्र कुठलं सेंटर सांगणार नाही, ते आपलं आपण भोगायचं.

वजनाचं पण एक. जी ती सांगते दोन किलोच्या वर उचलू नको, कळशी नको, पिशवी नको. इथं उलट अर्ध्या किलोच्या डंबेलपासून सुरू केलं, स्लीव्ह घालून, आणि फार सावकाश वाढवत नेलं. मॅडमनी त्यावरचा अमेरिकेतला एक अभ्यास सांगितला, 2009 साली छापून आलेला, ज्यांना आधीच सूज होती अशा 141 बायकांवरचा. देखरेखीखाली हळूहळू वजनं वाढवणाऱ्यांमध्ये सूज उसळण्याचं प्रमाण 14 टक्के आणि न करणाऱ्यांमध्ये 29 टक्के. सासूबाईंना मी हे आकडे सांगितले, त्या म्हणाल्या अमेरिकेतल्या बायकांचं सोड. तरी आता दळणाचा छोटा डबा मीच उचलते, त्यांचं लक्ष नसताना. फक्त स्वतःच्या मनानं एकदम सुरू करू नका, वाढवत नेणं हेच त्यातलं औषध आहे. आणि त्या हाताला कापलं, भाजलं, द्राक्षबागेत काटा-तार लागली तर लगेच धुऊन औषध लावायचं. हात लाल, गरम आणि सोबत ताप असेल तर सेंटरला फोन करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा, इन्फेक्शन असतं, अँटिबायोटिक लागतं. हे त्यांनी भिंतीवर मोठ्या अक्षरात लावलंय, चांगलं केलंय.

बाकीच्या सर्व्हिस पटापट. काउन्सेलर मॅडम आठवड्यातनं एकदाच येतात. मला वाटलेलं पॉझिटिव्ह राहा, देवाचं नाव घ्या असलं काहीतरी असेल, तसं काही नाही निघालं. फॉलोअपची तारीख जवळ आली की पोटात गोळा येतो, पाठ दुखली तरी हाडात गेलं का असं वाटतं, हे एकटीलाच होत नाही एवढं तरी कळलं. गटात बसवतात तेव्हा बायका लाज सोडून बोलतात, गरम वाफा, कोरडेपणा, नवऱ्याजवळ झोपायचं का नाही, आरशात बघवत नाही, असलं ओपीडीत पाच मिनिटांत कुठं विचारणार आणि बाहेर रांगेत अख्खं गाव बसलेलं. नवऱ्यांचं एक वेगळं सेशन ठेवतात, आमचे हे नाही-नाही म्हणत गेले. काय बोलणं झालं ते सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासनं बॅण्डेज बांधायला स्वतः यायला लागले आणि माझ्यापेक्षा नीट बांधतात.

लेट्रोझोलनं सकाळी बोटं आणि गुडघे धरतात, त्यावर रोज चालणं आणि हलका व्यायाम सांगितला, मला फरक पडला. हाडं ठिसूळ होतात म्हणून हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन करून घ्यायला कॅन्सरवाल्या डॉक्टरांकडं पाठवलं, स्वतःच गोळ्या विकत बसले नाहीत हे आवडलं. थकव्याचंही तेच, मला वाटायचं झोपून राहिलं की जाईल, तर थोडं थोडं चाललं की जातो.

डाएटवाली ताई ठीक. मटकी, अंडी, शेंगदाणे, झुणका, प्रोटीन वाढवा, परदेशी पावडरी सांगितल्या नाहीत. तिच्याकडनं एक फार कामाचं कळलं. आपली सांगली हळदीची, इथं कॅन्सर म्हटलं की पहिला सल्ला हळद, पाहुणे भेटायला येताना हळदीच्या कॅप्सूलची बाटली घेऊन येतात. माझ्या गटातली एक टॅमॉक्सिफेनवाली, म्हणजे हार्मोन अडवणारी दुसरी गोळी घेणारी, तेच खात होती. ताई म्हणाली आमटीभाजीतली हळद खावा हवी तेवढी, पण हळदीच्या अर्काच्या गोळ्यांनी टॅमॉक्सिफेनचं रक्तातलं काम करणारं रूप कमी झालेलं एका छोट्या अभ्यासात दिसलंय, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मार्केट यार्डात हळदीचा धंदा करणाऱ्या माणसाच्या घरात हे बोलून बघा एकदा.

योगाचा क्लास चांगला, खुर्चीत बसून पण करता येतो. फक्त शिकवणारे सर मध्येच म्हणाले याने कॅन्सर परत येतच नाही. मॅडमनी तिथंच दुरुस्त केलं. टाटा मेमोरियलनं साडेआठशे बायकांवर मोठा अभ्यास केलाय, 2022 मध्ये मांडला, त्यात फायदा दिसला, पण तो पूर्ण ट्रीटमेंट घेऊन वर योग केलेल्यांमध्ये, ट्रीटमेंटऐवजी नाही. कृत्रिम ब्रेस्ट बघायला ठेवलेत, सुरुवातीला हलका कापसाचा आणि जखम पूर्ण भरली की सिलिकॉनचा, वजन नीट जुळलं की खांदा एका बाजूला झुकत नाही. घ्याच म्हणून मागं लागत नाहीत.

आता कापलेला स्टार.

एक, रिसेप्शन. बाहेर पंधरा माणसं बसलेली, त्यात गुडघेवाले, कंबरवाले, पॅरालिसिसवाले आजोबा, आणि ही मुलगी मोठ्यानं ओरडते, ब्रेस्टवाल्या काकू या! मी आत जाऊन मॅडमना सांगितलं, त्यांनी माफी मागितली, आणि पुढच्या वेळी परत तेच. नाव घ्या, नंबर घ्या, काहीही करा. आतपण नुसते पडदे आहेत, एकदा शिकाऊ मुलगा न विचारता पडदा सारून आत आला. बायकांसाठी एक बंद खोली पाहिजेच.

दोन, पॅकेज. आतल्या मॅडम म्हणतात हाताचं बघू, लागेल तेवढंच करू, आणि बाहेर येईपर्यंत काउंटरवर सहा महिन्यांचं होलिस्टिक रिकव्हरी पॅकेज गळ्यात. त्यात डिटॉक्स ज्यूस आणि ते पाय बुडवून बसायचं मशीन, अर्ध्या तासात पाणी तपकिरी होतं, म्हणे अंगातलं केमोचं विष उतरलं. अहो मी विज्ञान शिकवते. मिठाच्या पाण्यात लोखंडी पट्ट्या घालून करंट सोडला की ते गंजूनच तपकिरी होणार, पाय घातले नाहीत तरी होणार. मी तिथं म्हटलं नुसतं मशीन चालवून दाखवा, पाय न घालता. म्हणाले सध्या बंद आहे. एवढं चांगलं काम करणाऱ्या ठिकाणी हे असलं का ठेवायचं कळत नाही, आणि केमोनं गळपटलेली बाई समोर बसली की ती घेते हो, तिला कुणीतरी काहीतरी करतंय एवढंच पाहिजे असतं. पॅकेज नको म्हणा, सेशनप्रमाणे पैसे देऊ म्हणा, देतात, थोडं तोंड वाकडं करून.

पैशाचं म्हणाल तर सेशन साडेचारशे, बॅण्डेजचं सामान वेगळं, स्लीव्ह वेगळी. मी सगळी बिलं प्रतिपूर्तीला टाकली, ऑपरेशन-केमो मंजूर झालं आणि स्लीव्हवर क्वेरी काढून फाईल परत, ही वस्तू उपचारात मोडते का याचा खुलासा द्यावा. मॅडमनी लगेच लेटरहेडवर लिहून दिलं, पैसे न घेता, हे त्यांचं सांगायला पाहिजे. गावाकडनं येणाऱ्यांना एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे तेवढाच आधार.

जाताना पुढनं बटणं असलेला कुर्ता नाहीतर ब्लाउज घालून जा, डोक्यातनं काढायचं काही नको. ऑपरेशनचा आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट झेरॉक्स करून न्या, त्यात किती गाठी काढल्या ते लिहिलेलं असतं, तिथं पहिलं तेच विचारतात. शनिवारी बायकांचा गट असतो म्हणून गर्दी, मंगळवार-बुधवारी दुपारी गेलं तर मॅडम निवांत भेटतात. सेंटर पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट मी जाते तेव्हा तरी बंदच असते, केमो चालू असलेल्यांनी खाली रसवंतीत बसून फोन लावा, त्यांचा मुलगा खुर्ची घेऊन खाली येतो.